एका वाणावर उभं शिवार

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

‘जैवविविधता’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ताडोबाचा वाघ, सह्याद्रीतली जंगलं, फार तर फुलपाखरं. पर्यावरणशास्त्राच्या पेपरात ‘जैवविविधतेचे महत्त्व स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनीच लिहिलं आहे, आणि पेपर सुटल्यावर ते तिथंच सोडूनही दिलं आहे. त्या उत्तरात एका गोष्टीचा उल्लेख बहुधा नसतो. ती म्हणजे आपल्याच बापाच्या शेतातली जैवविविधता.

आपल्या होस्टेलमध्ये हिंगोली, परभणी, नांदेड, वाशीम या भागातली कितीतरी पोरं शेतकऱ्यांची आहेत. जून संपत आला की रात्री घरी फोन लावल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पेरणी झाली का?’ आणि ‘काय पेरलं?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही खोलीत जाऊन ऐका, एकच येतं. सोयाबीन. कुणाकडे जोडीला थोडा कापूस, पाण्याची सोय असेल तर हळद. बस्स. या एकाच उत्तरात आपल्या सगळ्यांची फी, मेसचं बिल आणि बहिणीचं लग्न अडकलेलं आहे. म्हणून हा लेख.

शेतीतली जैवविविधता म्हणजे काय?

पुस्तकी व्याख्या थोडी बाजूला ठेवू. शेतातली विविधता तीन पायऱ्यांवर समजून घ्यावी.

पहिली पायरी पिकांची. गावच्या शिवारात किती प्रकारची पिकं उभी आहेत, ते बघायचं.

दुसरी पायरी एकाच पिकातल्या वाणांची. ज्वारी म्हणजे नुसती ज्वारी नसते. भाकरीची मालदांडी वेगळी, टणक दाण्याची दगडी वेगळी, हुरड्याची गुळभेंडी वेगळी, आणि आता क्वचितच दिसणारी पिवळी ज्वारी आणखी वेगळी. प्रत्येकीचा दाणा, धाटाची उंची, पक्व होण्याचे दिवस आणि रोगाला तोंड देण्याची ताकद निराळी असते. हे गुण तिच्या जनुकांत असतात. वाण संपलं की ते गुणही गेले.

तिसरी पायरी पिकांच्या सोबत्यांची. तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या, जमिनीतली गांडुळं, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र पकडणारे रायझोबियम जीवाणू, आणि गोठ्यात बांधलेली लाल कंधारी गाय हीसुद्धा शेतीतली जैवविविधताच आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली एक अहवाल काढला. माणूस अन्नासाठी सुमारे ६,००० वनस्पतींची लागवड करतो, पण जगातल्या एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भाग अवघ्या नऊ पिकांतून येतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे जे आपल्या गावात झालं तेच जगात झालं आहे.

आपलं शिवार कसं होतं, कसं झालं

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख. माझं गाव कळमनुरी तालुक्यात. मागच्या दिवाळीत आजीला विचारलं, तुम्ही पूर्वी रानात काय काय पेरायचात? तिने बोटं मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

खरिपात ज्वारी, ज्वारीत काही तासांनंतर तुरीचं एक तास. धुऱ्याला अंबाडी, कुठं तीळ, कुठं कारळ. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास घरात यायचे. रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई, जवस. अंबाडीची भाजी खायची आणि तिच्याच वाकाचे दोर वळायचे. ज्वारीचा दाणा माणसांना, कडबा बैलांना आणि बैलांचं शेण पुन्हा रानाला. बी विकत आणायची पद्धत फारशी नव्हती. खळ्यावर भरदार कणसं बायका वेगळी काढायच्या, त्यांचं बी उन्हात वाळवून, राख लावून गाडग्यात भरून ठेवायच्या. ‘बी घरचं असावं बाबा, पेरणीच्या दिवशी कुणाच्या दारात जायचं?’ हे आजीचं म्हणणं. आपण ज्याला आज ‘निवड पद्धत’ म्हणतो, ती ही बाई अक्षरओळख नसताना करत होती.

मग हे सगळं बदललं का? शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून नक्कीच नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. त्यामागून आलेल्या संकरित वाणांनी उत्पन्न वाढवलं, पण ती लवकर पक्व होत. दाणा भरला आणि परतीचा पाऊस लागला की बुरशी येऊन ज्वारी काळी पडायची. काळ्या ज्वारीला मोंढ्यात कोण विचारतो? त्याच सुमारास सोयाबीन आलं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण १९९४ साली प्रसारित झालं आणि विदर्भ-मराठवाड्यात वाऱ्यासारखं पसरलं. शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघणारं पीक, मळणीयंत्रातून काढायला सोपं, दसरा-दिवाळीला हातात रोख पैसा. त्यावर रब्बीत हरभरा घेता येतो. आमच्या घराची पक्की भिंत सोयाबीनवर उभी राहिली आहे. तेव्हा सोयाबीनला शिव्या देण्याचा माझा हेतू नाही.

पण एक धागा ओढला की बाकीचे उसवत जातात. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. कडबा नाही म्हणून बैल परवडेनात, बैल गेले म्हणून शेणखत गेलं, शेणखत गेलं म्हणून जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी झाला. अंबाडी, कारळ, जवस तर कुणी ठरवून बंद केलेही नाहीत. ते कधी गेले हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

गणित सोपं आहे

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. ‘एकच भाग बिघडला तर सगळी यंत्रणा बंद पडेल’ अशी रचना आपल्याला डिझाइनमध्ये चालत नाही. म्हणून विमानाला एकाऐवजी दोन इंजिनं देतात आणि हॉस्पिटलला जनरेटर. शेताला हाच नियम लावून पाहू.

समजा एखादं पीक पाचांपैकी एका वर्षी पूर्ण बुडतं. सगळ्या रानात तेच पीक असेल तर दर पाच वर्षांत एकदा घर रिकामं. आता तीन पिकं घेतली, आणि त्यांची बुडण्याची कारणं एकमेकांपासून स्वतंत्र असली, तर तिन्ही एकाच वर्षी बुडण्याची शक्यता पंचविसाशांतही राहत नाही. एक पंचमांशचा घन म्हणजे १२५ मध्ये एक.

इथे कुणी हुशार मित्र म्हणेल, तीन पिकांपैकी एखादं तरी बुडण्याची शक्यता वाढली की! बरोबर आहे. ती जवळजवळ निम्म्यावर जाते. आणि सरासरी उत्पन्न या हिशेबात वाढतही नाही, तेवढंच राहतं. मग फायदा काय? फायदा हा की नुकसान तुकड्यातुकड्यांनी येतं. एक तृतीयांश नुकसान घर सोसतं. शंभर टक्के नुकसान झालं की सावकाराचं दार दिसतं. गरीब माणसासाठी सरासरीपेक्षा सर्वांत वाईट वर्ष जास्त महत्त्वाचं असतं.

आणि गणितातली ती अट विसरू नका : कारणं स्वतंत्र हवीत. चार कंपन्यांच्या चार रंगीत पिशव्या आणल्या पण आत एकाच रक्ताची वाणं असली, तर ती विविधता कागदावरचीच.

जगात घडलेलं, आणि दारात घडलेलं

ही अट न पाळल्याने काय होतं, याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. आयर्लंडमधली गरीब जनता बटाट्यावर जगत होती आणि तोही मुख्यतः ‘लंपर’ नावाच्या एकाच वाणावर. बटाटा कंदापासून लावतात, म्हणून सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकसारखी. १८४५ साली करपा आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. राज्यकर्त्यांचं धोरणही त्याला जबाबदार होतंच, पण सुरुवात एका वाणापासून झाली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, १९७० सालचं. मक्याचं संकरित बी तयार करताना तुरे खुडायची मजुरी वाचावी म्हणून बियाणं कंपन्यांनी एकच युक्ती वापरली. पराग न देणारी ‘टेक्सास’ नावाची पेशीद्रव्याची एक जात सगळ्यांनी आपापल्या संकरात घातली. वरून वाणं शेकडो, आतून सुमारे ८५ टक्के मक्याचा सांगाडा तोच. नेमकी त्याच सांगाड्यावर वाढणारी बुरशी आली आणि देशाच्या मक्याचं सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात गेलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारींना एकाच कारखान्याचा सदोष ब्रेक बसवल्यासारखं हे झालं.

आता आपल्या दारात या. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात कापसावर गुलाबी बोंडअळीने काय केलं ते आपण लहानपणी पाहिलं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने मोठी उघडीप दिली. देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मागोमाग सोयाबीनवर पिवळा मोझॅक आणि मूळकूज आली. मोझॅकचा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. माशीला काय, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सगळीकडे तेच पान, तोच पाहुणचार! आठवडाभरात आमचं रान हळद लावल्यासारखं पिवळं पडलं. त्याच वर्षी माझा इथं प्रवेश झाला होता. पप्पांनी वरच्या बरड तुकड्यात तूर लावली होती, ती जानेवारीत निघाली आणि भावही बरा मिळाला. माझ्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे त्या तुरीचे आहेत, सोयाबीनचे नाहीत.

मात्र तूर म्हणजे जादूची कांडी असंही समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. साचलेल्या पाण्यात तूर सगळ्यात आधी उबळते. २०२३ कोरडं गेलं, २०२५ पाण्यात गेलं. पुढचं साल कसं असेल हे पेरणीच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. शिवारात दोन्ही तऱ्हेची पिकं का हवीत, याचं इतकं साधं उत्तर आहे.

गावरानी कापसाची गोष्ट

आपल्या भागाला स्वतःची अशी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे गावरानी कापूस. नांदेड-परभणीचा टापू, ज्यात तेव्हा आपली हिंगोलीही आली, निजामाच्या काळात या देशी कापसासाठी नावाजलेला होता. दुसऱ्या सरकीची भेसळ होऊ नये म्हणून निजाम सरकारने कायदा करून हा टापू राखला होता. परभणीच्या महेबूब बाग प्रक्षेत्रावर १९१८ पासून कापसाचं संशोधन सुरू आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होतं. आज ते बोटावर मोजण्याइतकं उरलं आहे.

देशी कापूस गेला त्याला कारणं होती. त्याचा धागा आखूड, बोंड लहान, आणि फुटलेला कापूस बोंडात टिकत नाही, खाली पडतो. गिरण्यांना लांब धागा हवा होता. १९८४ साली नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा अमेरिकन जातीचा संकरित कापूस आला आणि घरोघरी पोचला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. काही वर्षांत जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला.

सुरुवातीला फवारण्या खरोखर कमी झाल्या. मग बोंडअळी परत कशी आली? इथे विविधतेचा मुद्दा अगदी स्पष्ट दिसतो. बीटीचं विष खाऊनही जगणारी एखादी अळी लाखांत एक असतेच. सगळं रान बीटी असेल तर बाकीच्या मरतात आणि तीच उरते. तिच्यासारख्याच दुसरीशी तिचं मीलन झालं की पुढची पिढी विष पचवणारीच निपजते. हे होऊ नये म्हणून कडेने साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असतात. तिथे विषाला बळी पडणारे पतंग वाढतात, त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत राहते. म्हणून तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीचं वेगळं पुडकं मिळायचं. ते पुडकं किती जणांनी पेरलं? आमच्या गावात ते बहुतेक धुऱ्यावरच राहिलं. कारण समजावून कुणी सांगितलंच नाही. त्यात फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड घेतली की अळीला वर्षभर खाणावळ चालू. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते, तिला दुसरं घर शोधायची गरजच उरली नाही.

दुसरीकडे परभणीच्या संशोधकांनी देशी कापूस सोडला नाही. पीए-२५५, पीए-४०२ अशी, देशी असूनही बऱ्यापैकी लांब धाग्याची वाणं त्यांनी दिली. देशी झाडाचं मूळ खोल जातं, रसशोषक किडींना ते जास्त तोंड देतं, आणि सरळ वाण असल्याने सरकी घरची ठेवता येते. बरड, कोरडवाहू रानासाठी हा पर्याय आज शिल्लक आहे, कारण कुणीतरी ते जुनं बी जपलं.

जुनं वाण म्हणजे सुट्या भागांचं कोठार

‘जुनी वाणं कमी पिकतात, मग ती ठेवायची कशाला?’ हा प्रश्न मला रूममेटनेच विचारला. उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. १९७० च्या दशकात आशियात भातावर ‘ग्रासी स्टंट’ नावाचा विषाणूजन्य रोग पसरला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा नमुना निघाला फक्त एक, आणि तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ‘ओरायझा निवारा’ हा रानटी भात. बारीक दाणा, गवतासारखं रोप, बाजारात किंमत शून्य. पण त्याच्यातला तो एक गुण घेऊन डॉ. गुरदेव खुश यांच्या चमूने आयआर-३६ हे वाण १९७६ मध्ये दिलं आणि ते लाखो हेक्टरांवर गेलं. कुणी ते गवत म्हणून जाळून टाकलं असतं तर?

वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनचे सुटे भाग आपले सर फेकू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की जनुक लेथवर बनवता येत नाही. आजच्या जैवतंत्रज्ञानालाही कच्चा माल म्हणून कुठल्या तरी जिवंत वाणातला गुणच लागतो.

आणि असा गुण ओळखायला प्रयोगशाळाच लागते असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचंच एक गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल-३’ भाताच्या रानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून त्यांनी वर्षानुवर्षं लावून पाहिल्या आणि बारीक, चवदार तांदळाचं वाण उभं केलं. तेव्हा लोकांच्या मनगटावर जे घड्याळ असायचं त्याचं नाव त्या तांदळाला मिळालं, एचएमटी! आपण मेसमध्ये तो तांदूळ खातो, दादाजींचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. २०१८ साली ते वारले.

हळदीचं काय?

आता आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय. वसमतची हळद! तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभं राहतं आहे. गावागावांत हळद शिजवायचे बॉयलर आणि पॉलिशचे ड्रम धडधडतात, आणि आपल्यातले काही जण सुट्टीत त्यांच्या वेल्डिंगची कामंही करतात.

पण हळदीचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. हळदीचं बी पेरत नाहीत, बेणं लावतात. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, एकूण ६३. त्यामुळे फूल येतं पण बी सहसा धरत नाही. म्हणजे एका वाणाची हळद ही एकाच झाडाची झेरॉक्स, एकराच्या एकर. आयर्लंडचा बटाटा आठवला ना? आपल्याकडे भर आहे तो मूळच्या तमिळनाडूतल्या सेलम वाणावर. कंदकूज, करपा, कंदमाशी हे पाहुणे येतच असतात. बेणंही एकमेकांकडून घेतलं जातं, त्यासोबत रोगही गावोगाव फिरतो. सेलम चांगलं आहे यात वाद नाही. पण राजापुरी, कृष्णा, फुले स्वरूपा, वर्ध्याची वायगाव, केरळच्या संशोधन केंद्राची कमी दिवसांची प्रगती अशी दुसरी वाणं एक-दोन गुंठ्यांत तरी गावात जिवंत असली पाहिजेत. बी धरत नसल्यामुळे हळद डब्यात भरून ठेवता येत नाही. ती दरवर्षी मातीतच जपावी लागते.

कोण काय करतंय?

बियाणं जपण्याचं मोल किती, हे रशियातल्या लेनिनग्राडने दाखवलं. निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने जगभर फिरून पिकांचे नमुने जमवले होते. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला, लोक उपासमारीने मरत होते, तेव्हा त्या संस्थेतले काही शास्त्रज्ञ बियांच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाणं खाल्लं नाही. खुद्द वाविलोव १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात मरण पावले.

आज नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ पासून जगाचं बियाणं बर्फाखाली ठेवलं जातं. आपल्या देशात दिल्लीला १९७६ पासून राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो हे काम करतो. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मान्यता दिली. हे हवंच. पण फ्रीजमधलं बी झोपलेलं असतं. बदलतं हवामान, नवी कीड याच्याशी ते शिकत नाही. शेतात दरवर्षी पेरलेलं बी शिकत राहतं. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम मोठं वाटतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरीच देशी बियाण्यांची बँक उभी केली, बाएफ संस्थेची साथ मिळाली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखून ठेवायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही कुणी पाहिली आहे का? एकदा ग्रामसेवकाला विचारून बघा.

मराठवाड्यातली आनंदाची गोष्ट म्हणजे २०२४ मध्ये वसमत हळदीबरोबर जालन्याची दगडी ज्वारी, लातूरची बोरसुरी तूरडाळ यांनाही मानांकन मिळालं. जुनं वाण बाजारात नाव कमावू लागलं, तर ते टिकवायला उपदेशाची गरज उरणार नाही.

पण पोटाचं काय?

पप्पांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तुझं खरं हाय, पण बँकेचा हप्ता देशी ज्वारी भरणार हाय का?’ हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. चार एकरांच्या माणसाला ‘तू जगासाठी वाण जप’ म्हणणं हा अन्याय आहे. म्हणून परवडेल तेवढंच बोलू.

एक, सोयाबीन सलग न पेरता तुरीसोबत ४:२ किंवा २:१ ओळींत घ्यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ही जुनीच शिफारस आहे. दोन, सोयाबीनचीसुद्धा वेगवेगळ्या दिवसांत येणारी दोन-तीन वाणं ठेवावीत. तीन, सोयाबीन स्वपरागीभवन करणारं पीक आहे, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. २०२० च्या खरिपात विकतचं बी न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर झाल्या होत्या. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून सत्तर उगवले तर बी पेरायला योग्य, ही चाचणी फुकट आहे. चार, पाच-दहा गुंठे घरच्या खाण्यासाठी ठेवावेत : ज्वारी, मूग, तीळ, धुऱ्याला अंबाडी. आमच्याकडे मागच्या वर्षी पप्पांनी दहा गुंठे आजीच्या हवाली केले. नफा-तोटा अजून मांडलेला नाही, पण म्हशीला कडबा झाला आणि घरात अंबाडीची भाजी आली.

आपण काय करू शकतो?

आपण शेतकरी होणार नाही असं धरून चाललो, तरी काम पुष्कळ आहे. लहान शेतकऱ्याने दहा गुंठे ज्वारी किंवा कारळ लावलं तर ते मळायला यंत्र मिळत नाही, कारण सगळी यंत्रं मोठ्या रानासाठी बनलेली. एका पोत्याचं काम करणारं मळणीयंत्र, घरगुती डाळ भरडायची चक्की, बियाण्यातला ओलावा मोजणारं स्वस्त उपकरण, हवाबंद बियाणं कोठी असे प्रोजेक्ट अंतिम वर्षाला का नसावेत? दरवर्षी त्याच त्या फाइली मागच्या बॅचकडून घेण्यापेक्षा हे बरं. दुसरी विनंती मेस कमिटीला आणि रेक्टर सरांना : आठवड्यातून एक दिवस ज्वारीची भाकरी आणि अंबाडी ठेवा. मागणी असेल तरच पेरणी होते, आणि साडेतीनशे ताटं ही काही लहान मागणी नाही.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आहे. येत्या सुट्टीत घरी गेलात की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या तरुणपणी शिवारात कोणती पिकं, कोणती वाणं होती, त्यांची नावं, ती कशासाठी चांगली होती, आणि त्यातलं कोणतं बी अजून कुणाच्या घरी आहे, एवढं लिहून आणा. वाचनालयात एक रजिस्टर ठेवायची परवानगी मी ग्रंथपाल सरांकडून घेतली आहे. पहिल्या पानावर आजीची यादी लिहिली आहे, तिच्यात सतरा नावं आहेत. त्यातल्या पाचांचं बी गावात सापडलं. बाकीच्या बारांचं तुमच्यापैकी कुणाच्या गावात निघतं का, ते बघायचं आहे.